सर्वेक्षणाला आलेल्या बाईंना खुलं पत्र

प्रिय बाई,

नमस्कार. तुम्ही मला ओळखाल की नाही माहीत नाही, कारण त्या दिवशी आमच्या पेठेत तुम्ही चाळीसेक घरं तरी फिरला असाल. जुलैचा पहिला आठवडा, झोंबणारा पाऊस, तुम्ही छत्री दाराबाहेर उलटी ठेवली, शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलेले. दार उघडलं आमच्या धाकट्याने, कोपरापर्यंत चिखलात. तुम्ही प्रेमाने विचारलंत, "बाळा, कितवीत आहेस?" तर म्हणतो कसा, "आम्ही सध्या कृष्णेत आहोत."

तुमचा चेहरा मला अजून आठवतो.

मग मी आतून पळत आले, तुम्हाला बसवलं, चहा टाकला, आणि सांगायचा प्रयत्न केला की आमची दोन्ही मुलं घरीच शिकतात, थोरली अकरा वर्षांची, धाकटा आठचा, आणि कृष्णेत म्हणजे कृष्णा नदीत, म्हणजे नदीत नाही, नदी हाच यंदा आमचा विषय आहे. पण तुम्हाला अजून बरीच घरं करायची होती, फॉर्ममध्ये शाळेचं नाव लिहायला रकाना होता, ते नसेल तर कारणांची यादी होती, त्यात आजार होता, स्थलांतर होतं, मजुरी होती, लहान भावंडं सांभाळणं होतं. आमचं काही त्यात बसेना. शेवटी तुम्ही "इतर"वर टिक केलीत आणि मला म्हणालात, "ताई, वाईट वाटून घेऊ नका, मला हे भरावंच लागतं." मला वाईट वाटलं नाही हो. पण बोलायचं राहून गेलं ते राहूनच गेलं, म्हणून हे पत्र. खुलं अशासाठी ठेवलंय की तुमच्यासारखे कितीतरी गुरुजी, बाई दरवर्षी असे पावसात दारोदार फिरतात आणि आमच्यासारखी घरंही आता कुठे कुठे निघतात, त्यांनाही वाचता येईल.

आधी कृष्णेचं सांगते, कारण "नदी हा विषय" म्हणल्यावर तुम्ही "म्हणजे प्रोजेक्ट का?" असं विचारलं होतंत. प्रोजेक्ट नाही. थर्माकोल, चमकी, आई रात्री बारापर्यंत जागी, तसलं काही नाही. एकच गोष्ट घ्यायची आणि तिच्या मागे मागे वर्षभर जायचं, वाटेत जो जो विषय लागेल तो शिकायचा. साताऱ्यात राहून नदी नाही घ्यायची तर काय घ्यायचं सांगा! एका बाजूने वेण्णा, एका बाजूने कृष्णा, माहुलीला दोघींचा संगम, तो आपल्या घरापासून अर्ध्या तासावर. आमच्या वेळी तिसरीला आपापल्या जिल्ह्याचा भूगोल असायचा, मी तो पाठ केला होता, मार्कही चांगले पडले होते, आणि तरी कृष्णा कुठल्या दिशेने कुठे जाते हे मला लग्न होऊन दोन मुलं होईपर्यंत धड सांगता आलं नसतं.

सुरुवात केली क्षेत्र महाबळेश्वरला. पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पाच नद्यांचं पाणी पडतं, कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री. आम्ही नमस्कार केला, तीर्थ घेतलं, आणि बाहेर आल्यावर धाकटा म्हणाला की पाची नद्या एकाच नळातून येतात तर वेगवेगळ्या दिशेला कशा जातात. आता याचं उत्तर श्रद्धेत द्यायचं की भूगोलात? मी छत्री उघडून जमिनीवर ठेवली आणि त्याला वरून बाटलीने पाणी ओतायला सांगितलं. छत्रीच्या या काडीच्या इकडे पडलेला थेंब एका बाजूला, बोटभर पलीकडे पडलेला दुसऱ्या बाजूला. तसंच इथे, डोंगराच्या माथ्यावर एका अंगाला पडलेला पाऊस सावित्रीतून हरिहरेश्वरापाशी अरबी समुद्रात जातो, शंभरएक किलोमीटरमध्ये काम संपलं, आणि दुसऱ्या अंगाला पडलेला कृष्णेतून वाई, कराड, नरसोबावाडी करत कर्नाटक, तेलंगणा, आंध्र ओलांडून सुमारे १४०० किलोमीटरवर बंगालच्या उपसागराला मिळतो. पाणलोट हा शब्द त्यांनी त्या दिवशी ऐकला आणि मग चार दिवस घरातल्या प्रत्येक गोष्टीचा पाणलोट शोधला, बाथरूमच्या फरशीचासुद्धा. आमच्या बाथरूमची फरशी चुकीच्या बाजूला उतरते हे गवंड्याला सांगून जमलं नव्हतं, ते यांनी खडूने रेषा मारून दाखवून दिलं.

तुम्ही आलात त्या दिवशीचा चिखल हा त्याच कामाचा होता. गच्चीत शाडूची माती पसरून आम्ही महाबळेश्वरपासून कराडपर्यंतचं खोरं करत होतो. त्याच्या आधी बटाट्यावर सराव झाला होता, अर्धा बटाटा पालथा ठेवायचा, आडव्या चकत्या करायच्या, एकेक चकती कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवायची, की झाल्या समोच्च रेषा. जिथे रेषा जवळ जवळ तिथे चढ उभा. मग अजिंक्यताऱ्यावर वेगवेगळ्या बाजूंनी चढून धापा कुठे लागतात ते बघितलं आणि नकाशाशी ताडून पाहिलं. मातीचं खोरं मात्र वाळल्यावर तडकलं, कोयना मधोमध दुभंगली, थोरली म्हणाली भूकंप झाला. त्यावरून आजोबांनी ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेची गोष्ट सांगितली, कोयनेचा भूकंप, ते तेव्हा पाटण भागात होते. ती गोष्ट मी सुद्धा एवढ्या तपशिलात कधी ऐकली नव्हती, म्हणजे खोरं तडकलं ते बरंच झालं.

कोयनेवर आमचे दोन महिने गेले. मला स्वतःला हे आधी नीट माहीत नव्हतं की कोयना महाबळेश्वरहून निघून सरळ दक्षिणेला जाते, हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला अगदी समोरासमोर येऊन भिडते, म्हणून तो प्रीतिसंगम. पण धरण झाल्यावर तिचं बरंचसं पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला सोडलंय, पोफळीला वीज तयार होते आणि ते पाणी वाशिष्ठीतून चिपळूणकडे जातं. म्हणजे जो थेंब बंगालच्या उपसागराला निघाला होता तो माणसाने वळवून अरबी समुद्राला धाडला. धाकटा यावर दोन दिवस नाराज होता, नदीला विचारलं का म्हणून. मग त्याने घरातली विजेची बटणं बंद करायला सुरुवात केली, आता आम्ही अंधारात जेवतो. ते जाऊ दे.

तुमचा दुसरा प्रश्न होता, "आणि गणित?" रास्त प्रश्न आहे. आमच्याकडे सध्या पाऊस मोजायच्या तीन बाटल्या आहेत. दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या, वरचा भाग कापून उलटा बसवलेला, तळाशी खडे आणि सिमेंट, बाहेरून पट्टी चिकटवलेली. एक आमच्या गच्चीत, एक महाबळेश्वरला ओळखीच्यांकडे, एक म्हसवडला माझ्या आत्याकडे. दर रविवारी सकाळी दोघं फोन लावतात आणि आकडे वहीत घेतात. महाबळेश्वरची बाटली जुलैत दोन दिवसांत भरून वाहिली, तेव्हा रोज मोजावी लागेल असं ठरलं, त्या काकांनी मोजलीही बिचाऱ्यांनी. आमची आपली मध्यम. आणि म्हसवडच्या बाटलीबद्दल आत्याने जुलैच्या तिसऱ्या रविवारी सांगितलं की पाणी नाही, पालीचं पिल्लू आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि तिथून सव्वाशेएक किलोमीटरवर माण तालुक्यात टँकर, हे पुस्तकात "पर्जन्यछायेचा प्रदेश" अशा दोन शब्दांत येतं. आमच्याकडे त्याचा आलेख झाला, सरासरी झाली, अपूर्णांक झाले, आणि थोरलीने विचारलं की मग आत्याआजीच्या गावाला लोक राहायला गेलेच का. हा प्रश्न मी अजून सोडवलेला नाही.

मेमध्ये गच्चीत काठी रोवली होती. साताऱ्यात १० मेच्या आसपास सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि काठीची सावली गायब होते, शून्य सावली. मी मुलांना बाराला उभं केलं. सावली होतीच. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पाय भाजायला लागले, शेवटी साडेबाराच्या सुमाराला गेली. का? तर आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखावृत्तावर लावलेलं, मिर्झापूरकडचं, आणि आपण ७४ वर. एका अंशाला चार मिनिटं. साडेआठ गुणिले चार, चौतीस, त्यातून त्या दिवसातलं सूर्याचं तीन-चार मिनिटांचं मागेपुढे वजा करा. बाई, मी बँकेत नऊ वर्षं नोकरी केली, आकड्यांतच गेली ती, पण रेखावृत्त हे असं तळपायाला लागेल असं कधी वाटलं नव्हतं.

तरी खरं सांगते, धाकट्याचे पाढे कच्चे आहेत. बाराच्या पुढे गाडी अडते. त्याला लिहायचाही भयंकर कंटाळा आहे, बोलून सगळं सांगेल पण चार ओळी लिहायच्या म्हणलं की पोटात दुखतं. तुमच्या वर्गात असता तर कदाचित तुम्ही त्याला वळण लावलं असतं. आमच्या पद्धतीत हे होतं, ज्यात गोडी आहे ते वाहत सुटतं आणि ज्यात नाही ते गाळासारखं खाली बसतं, ते उपसायला आईबापाकडे चिकाटी लागते आणि ती रोज असतेच असं नाही. घरी शिकवणारे सगळं गोड गोड सांगतात, त्यांच्यावर फार विश्वास ठेवू नका.

सगळ्यात जास्त दिवस आम्ही काढले ते सुगरणीच्या घरट्यांपाशी. संगमाच्या अलीकडे एका विहिरीवर बाभळ वाकलेली आहे, तिला पावसाळ्यात घरटी लागतात. जूनच्या शेवटापासून आठवड्यातून दोन सकाळी तिथे जाऊन बसायचं, बोलायचं नाही, मोजायचं. पहिल्यांदा कळलं की आपण सुगरण सुगरण म्हणतो पण विणतो तो नर. तो अर्धंच विणतो, हेल्मेटसारखं, आणि त्याला लटकून पंख फडफडवत ओरडत बसतो. मादी येते, आत शिरून बघते, पसंत पडलं तर तो पुढचं बोगद्याचं काम पुरं करतो, नाही तर ते तसंच राहतं. आणि एक संसार लागला की हे गृहस्थ शेजारी दुसरं घरटं विणायला घेतात. सलीम अलींनी १९३० च्या सुमाराला अलिबागजवळच्या किहीमला राहून हे सगळं असंच बसून टिपलं होतं. त्यांच्याकडेही तेव्हा नोकरी नव्हती आणि घराजवळच्या झाडावर घरट्यांची वसाहत होती, बाकी काही मोठी साधनं नाहीत. थोरलीला याचं फार अप्रूप वाटलं. तिच्या वहीत प्रत्येक घरट्याला नंबर आहे आणि पुढे "पसंत", "नापसंत", "वाऱ्याने पडलं" असे शेरे.

एक पडलेलं घरटं आम्ही घरी आणलं (पडलेलंच, झाडावरचं नाही) आणि धाकटा त्याच्या पात्या मोजायला बसला, हजारावर कंटाळला, तेव्हा निम्मंही झालं नव्हतं. आत भिंतीला चिखलाचे गोळे चिकटवलेले निघाले. माझी आजी सांगायची की त्या चिखलात सुगरण काजवे चिकटवते, दिवा म्हणून. काजवा काही सापडला नाही. वाऱ्याने हलकं घरटं हेलकावू नये म्हणून वजन असावं असं थोरलीचं म्हणणं. मग तिने कागदाच्या दोन पिशव्या टांगून, एकीत चिखल घालून, पंखा लावून बघितलं. हॉलभर माती. पण हे असं आहे बघा, कुठला धडा कुठल्या पानावर संपतो ते सांगता येत नाही, म्हणून तुम्ही "यंदा काय काय झालं" असं विचारलंत तेव्हा मी चाचरले. काहीच झालं नाही म्हणून नाही, कुठून सांगू म्हणून.

कासलाही जातो आम्ही, पण सप्टेंबरच्या गर्दीच्या आधी. फुलांपेक्षा जास्त वेळ दगडात जातो. खाली काळा बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आणि वर तांबडी जांभ्याची टोपी, त्यावर मातीचा जेमतेम थर, म्हणून मोठं झाड नाही आणि सीतेची आसवं, दवबिंदू अशी किडे खाणारी इवलीशी झाडं, कारण जमिनीत पोषणच नाही. भूक लागली की झाडसुद्धा शिकारी होतं, हे धाकट्याला लगेच पटलं. आपल्या साताऱ्याच्या नावाची एक पाल आहे हे तुम्हाला माहीत होतं का? हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस, याच भागातल्या पठारांवरची, २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी नवीन जात म्हणून नोंदवली. दगडांखाली राहते. म्हणून आमच्या घरात नियम आहे, पठारावर दगड उचलायचा नाही, सेल्फीसाठी दगडांची चळतही रचायची नाही, कोणाचं तरी घर असतं ते.

आता कायद्याचं. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून आहे, सहा ते चौदा वयाच्या मुलांचा हक्क, आणि त्यात पालकांनी मुलाला शाळेत घालावं असंही कलम आहे, मी वाचलंय. घरी शिकवण्याबद्दल त्यात परवानगीही नाही न् शिक्षाही नाही. आम्ही त्या मधल्या जागेत राहतो, जिन्याच्या वळणावर राहिल्यासारखं. पुढची सोय आहे, राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, दहावी चौदा पूर्ण झाल्यावर देता येते, बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म तर आपल्याकडे पूर्वापार आहे. तेव्हा "दाखल्याचं काय करणार" याची काळजी सासूबाई करतात तेवढी पुरे. अडचण येते ती छोट्या छोट्या जागी. एका संग्रहालयात विद्यार्थ्यांचं तिकीट मागितलं तर शाळेचं ओळखपत्र दाखवा म्हणाले. धाकट्याने वही दाखवली. खिडकीतल्या माणसाने वही दोन मिनिटं चाळली, सुगरणीचं पान बघितलं, हसला, आणि पूर्ण तिकीट फाडलं.

पण बाई, हे सगळं लिहिताना एक गोष्ट मनात सारखी टोचते. तुमचं सर्वेक्षण आमच्यासाठी नाहीच मुळी, आणि नसावंही. दिवाळीच्या आगेमागे कारखाने सुरू झाले की बीडकडून टोळ्या येतात, कृष्णाकाठी उसाच्या फडाशेजारी कोप्या पडतात, त्यात सहा-सात वर्षांची पोरगी धाकट्या भावंडाला काखेत घेऊन चुलीपाशी बसलेली असते, कारण आईबाप पहाटेच कोयता घेऊन गेलेले. नदीच्या मागे फिरताना आम्ही अशा एका तळापाशी थांबलो होतो. थोरलीने नकाशा पसरला, तर तिच्याच वयाच्या एका मुलीने गाव कुठे, ट्रॅक्टर कुठून कुठून आला, वाटेत कुठल्या घाटात थांबला, सगळं बोटाने सांगितलं. भूगोल तिला माझ्या लेकीपेक्षा जास्त येत होता. फरक एवढाच की माझ्या लेकीला शाळेत जायचं नाही हे आम्ही, घरात पगार येतो म्हणून, बसून ठरवलं, आणि तिला कोणी विचारलंच नाही. दोघीही तुमच्या कागदावर "शाळाबाह्य". हे मला चालत नाही, आणि ते माझ्या मुलीच्या मानापानासाठी नाही. आमच्यासारख्यांचा आकडा त्यांच्या आकड्यात मिसळला की उद्या कोणीतरी म्हणेल, अहो ही मुलं घरी शिकतात, चाललंय की चांगलं.

म्हणून तुम्ही सगळ्यांनी वर कळवायचं झालं तर एवढंच कळवा की कारणांच्या यादीत घरी शिकणाऱ्यांची एक वेगळी ओळ करा. आणि नुसती टिक करू नका, मुलाशी दहा मिनिटं बोला, वही बघा, वर्षातून एकदा या आणि खरंच शिकतंय का ते तपासा. घरी शिकवतो म्हणून सांगून मुलीला घरकामाला जुंपणारी घरंही असणार, ती तुम्हाला दहा मिनिटांत कळतील, तुमचा आयुष्यभराचा डोळा आहे. आम्हाला तपासणीची भीती नाही. पाढ्यांची थोडी आहे. आणि आमच्या घरी घालवलेला वेळ वाचला तर तो तळावर द्या. तिथे एका फेरीत भागत नाही. बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांना दिसलं की पोरं गुरांमागे रानात जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर त्या कुरणातच शाळा घेऊन गेल्या, कुरणशाळा. त्या बायकांनी "कारण: इतर" लिहून पुढचं घर गाठलं असतं तर!

रागावून लिहिलं असं वाटलं तर माफ करा, तुमच्यावर राग नाही. तुम्ही चहा अर्धाच प्यायलात आणि जाताना धाकट्याच्या मातीच्या कोयनेकडे बघून म्हणालात की वेण्णा राहिली की रे, माझं माहेर मेढ्याचं. तो ते विसरलेला नाही. त्याच दिवशी संध्याकाळी वेण्णा काढली, आणि मेढ्याला एक लाल गोटी ठेवली.

त्याचं म्हणणं आहे की आमच्या बाटल्यांच्या रांगेत मोठी फट आहे. महाबळेश्वरनंतर एकदम सातारा येतो, मधे पाऊस कसा कसा कमी होत जातो ते कळत नाही, आणि मेढा बरोब्बर मधे आहे. तर तुमच्या माहेरी परसात, छपराच्या पागोळ्यांपासून लांब, एक बाटली ठेवता येईल का? चौथी तयार आहे, पट्टी चिकटवून झालीय, खाली सिमेंटही भरलंय. रविवारी सकाळी फोन तोच करेल, आईंना फक्त आकडा सांगायचाय. आणि पुढच्या जुलैत याल तेव्हा चहा पूर्ण प्या.

तुमची,
"इतर"मधल्या दोघांची आई
सातारा